दोन हजार कोटी आणि वीस रुपये

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशासारख्या गावात जनरल इन्शुरन्सचं काम करणाऱ्याला दहशतवादावर कुणी काही विचारत नाही. पण या धंद्यात एक खोड लागते, बारीक अक्षरातलं वाचायची. गिऱ्हाईक पहिलं पान पाहतं, रक्कम पाहतं, सही करतं. मी मागची पानं वाचतो. दहशतवादाबद्दल त्या मागच्या पानांत जितकं रोखठोक लिहिलेलं असतं, तितकं टीव्हीवरच्या चर्चेत मी कधी ऐकलेलं नाही. कशाचे पैसे मिळतील, किती मिळतील, आणि कशाचे अजिबात मिळणार नाहीत. हा तिसरा भाग नेहमीच लांबलचक असतो.

कारखान्याच्या आगीच्या पॉलिसीत दहशतवाद आपोआप बसत नाही, तो जास्तीचा हप्ता भरून घ्यावा लागतो. हप्ता किरकोळच, हजार रुपयांच्या विम्यामागे पैशांत मोजावा इतका. तो जातो एका सामाईक ‘पूल’मध्ये, म्हणजे सगळ्या विमा कंपन्यांनी मिळून ठेवलेल्या निधीत. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, या जोखमीतून अंग काढून घेतलं. आपल्याकडच्या कंपन्या उघड्यावर आल्या, तेव्हा एप्रिल २००२ मध्ये त्यांनी एकत्र येऊन हा पूल उभा केला आणि कारभार जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे दिला. ब्रिटिश यातून आधीच गेले होते. १९९२ साली आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेनं लंडनमध्ये बाल्टिक एक्स्चेंजपाशी स्फोट घडवला आणि १९९३ मध्ये तिथे असाच पूल निघाला. आपल्या पूलची मर्यादा आज एका ठिकाणामागे २,००० कोटी रुपये आहे. एवढा आकडा वडशाच्या राईस मिलवाल्याला सांगितला की तो हसतो. ‘आमच्या मिलले कोन येते जी उडवाले? उंदरायचा विमा असन तं सांगा.’

त्याचं हसणं मला चुकीचं वाटत नाही. कंपन्यांवरचा हल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई येते. २००८ च्या नोव्हेंबरात ताज आणि ट्रायडंट जळताना सगळ्या देशानं पाहिली. त्या रात्रींनंतर मोठ्या उद्योगांना कळलं की आपल्या दारात बंदूक चालली तर आपल्या वॉचमनच्या काठीनं काही होणार नाही. २००९ मध्ये सीआयएसएफचा कायदा बदलला आणि सरकारी कारखाने सांभाळणारं हे दल पैसे भरून खासगी कंपनीलाही मिळू लागलं. पहिली मोठी नेमणूक त्याच वर्षी इन्फोसिसच्या बंगळूरच्या आवारात झाली. हॉटेलांच्या दारांवर मेटल डिटेक्टर आले, गाडीच्या पोटाखाली आरसा फिरू लागला. पुढे तो आरसा मॉलच्या पार्किंगमधल्या पोराच्या हातात आला आणि ते पोर आरसा फिरवताना मोबाइलमध्ये पाहू लागलं. सुरक्षेचं असंच होतं. हल्ला ताजा असतो तोवर ती काम असते, नंतर रिवाज होऊन बसते.

आमच्याकडे मात्र ही गोष्ट हॉटेलातून आली नाही, जंगलातून आली. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाच्या कामावरून २०१३ मध्ये खाण कंपनीचा एक उपाध्यक्ष आणि त्याच्यासोबतची दोन माणसं नक्षलवाद्यांनी मारली. २०१६ च्या डिसेंबरात त्याच डोंगरावर खनिज न्यायला लागलेली सत्तरहून अधिक वाहनं पेटवली. कागदोपत्री यात काही शंका नाही. नक्षलवाद्यांची भाकप (माओवादी) ही संघटना २००९ पासून यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखायच्या कायद्याच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे, आणि पूलच्या कलमात दहशतवादी कृत्याची जी व्याख्या दिली आहे ती त्याच कायद्याकडे बोट दाखवते.

पण कंपन्यांच्या सुरक्षेबद्दल मला जे काही शिकायला मिळालं ते सुरजागडपेक्षा कुरखेड्याच्या रस्त्यावर. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री दादापूरजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या कंपनीची वाहनं जाळली गेली होती. सकाळी शीघ्र कृती दलाचे जवान तिकडे निघाले, भाड्याच्या खासगी गाडीतून. जांभुळखेड्याजवळ रस्त्यात सुरुंग पेरलेला होता. १५ जवान गेले आणि सोबत गाडीचा ड्रायव्हर. तो पोलिस नव्हता, कंपनीचा नोकर नव्हता, नक्षल्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला भाडं मिळालं होतं म्हणून तो त्या रस्त्यावर होता.

जाळलेली यंत्रं हे त्या दिवशी आमिष होतं. कंपनीचं नुकसान करणं हा हल्ल्याचा शेवट नव्हता, ती सुरुवात होती. कंपन्यांच्या सुरक्षा आराखड्यात हा भाग मला क्वचित दिसतो. तिथे भिंत, फाटक, कॅमेरा, तारेचं कुंपण, आत काय आहे त्याची किंमत. भिंतीबाहेर कोण उभं आहे आणि आतलं काही पेटलं तर बाहेरचं कोण मरेल, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तसा रकानाच नसतो.

जुन्या काळी कंपन्यांनी भिंतीपेक्षा सोपा उपाय काढला होता, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की ठेकेदार गुमानं पाकीट पोचवायचा. रस्त्याचा कंत्राटदारही तेच करायचा. सगळ्यांना माहीत आणि कुणीच पाहिलेलं नाही, असा तो व्यवहार. त्याला खंडणी म्हणा, हप्ता म्हणा, धंद्याचा खर्च म्हणा. त्या पैशातून पुढच्या वर्षीचा सुरुंग यायचा हे पाकीट देणाऱ्यालाही कळत होतं. यूएपीएच्या कलम १७ नं दहशतवादासाठी पैसा पुरवणं हा गुन्हा ठरवलाय आणि तो पैसा प्रत्यक्ष कृत्यात वापरला गेला की नाही हे तिथे पाहिलं जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं तर कंपनीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची सोय केली. तरी जंगलात काम करणाऱ्या छोट्या ठेकेदाराला मी एकदम दोषी धरणार नाही. त्याच्या बाजूनं पाहिलं तर कायदा नागपूरला होता आणि बंदूक फर्लांगभर अंतरावर.

आता फाटकाकडे येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मिलवर रात्रपाळीला एक काकाजी असतात. दीड एकर धान, दिवसा शेत, रात्री फाटक. लोखंडी खुर्ची, तिच्या पाठीला अडकवलेली पिशवी, पिशवीत खर्ऱ्याची पन्नी, शिट्टी आणि रजिस्टर. रजिस्टरचे रकाने त्यांनी स्वतःच पट्टीनं आखलेत: गाडी नंबर, कुठून, आत, बाहेर, सही. ड्रायव्हरच्या सहीच्या जागी बहुतेक वेळा रेघोटी असते, पण नंबर काकाजी स्वतः टॉर्च मारून पाहतात, विचारून लिहीत नाहीत. भरडाईच्या दिवसांत रात्रभर ट्रक लागतात, तरी यात फरक पडत नाही.

एकदा मी मोजमापाला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘काल एक मानूस आलता जी. मले काही बरा नाही वाटला.’ का, म्हणून विचारलं. ‘धान घ्याले आलेला मानूस धानाकडे पायते. हा भिंतीकडे पायत होता.’

तो माणूस बँकेच्या व्हॅल्युएशनसाठी आलेला निघाला. भिंतीकडे पाहणं हे त्याचं कामच होतं. पण काकाजींनी जे ओळखलं ते शिकवायला मोठमोठ्या कंपन्या सल्लागारांना पैसे मोजतात. हल्लेखोर आधी रेकी करतो आणि त्या वेळी त्याचं लक्ष नको तिथे असतं, हा त्या सगळ्या शिकवणीचा गाभा. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्याखाली केंद्रानं जे नमुना नियम केले, त्यांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात, असं १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, किमान २० कामाच्या दिवसांत. काकाजींनी यातला एक तासही पाहिलेला नाही. एजन्सीचा निळा शर्ट त्यांना मिळाला, तोही दोन मापं मोठा.

आणि त्यांचा विमा? मिलला हवं तर पूलचं कव्हर आहे. काकाजींना बँकेतून निघालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. खून झाला तरी त्यात पैसे मिळतात. मी त्यांचा फॉर्म भरून दिला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘दोन लाख कोनाले भेटते?’ घरच्यांना, म्हणालो. ‘मंग ठीक हाय,’ म्हणाले आणि रजिस्टरकडे वळले. एका आवारामागे २,००० कोटी आणि त्या आवाराच्या फाटकावर बसणाऱ्यामागे २ लाख. मी विमा विकूनच पोट भरतो, त्यामुळे या दोन आकड्यांवर फार तोंड उघडायचा मला अधिकार नाही. पण मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा अधिकारी ‘लेअर्स’वर, म्हणजे सुरक्षेच्या थरांवर बोलू लागले की मला तो निळा शर्ट आठवतो. पहिला लेअर तोच, आणि तो सगळ्यात स्वस्त.

असाच दुसरा माणूस ट्रकमालक. खनिज असो, बांबू असो, तांदूळ असो, मोठी कंपनी स्वतःच्या गाड्या फारशा ठेवत नाही. गाड्या असतात गावोगावच्या लोकांच्या, फायनान्सवर घेतलेल्या. गाडीच्या पॅकेज पॉलिसीत दहशतवादी कृत्यानं झालेलं नुकसान बसतं, वेगळा हप्ता लागत नाही. हे मी ओरडून सांगतो. पण कर्ज फिटलं की मालक पहिलं काम करतो ते पॅकेज सोडून थर्ड पार्टीवर येण्याचं. थर्ड पार्टीत स्वतःची गाडी जळली तर दमडी मिळत नाही. मग ज्याच्याकडे एकच गाडी आहे तो उघडा, आणि ज्याच्याकडे डोंगर आहे तो झाकलेला.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत आमच्याकडचं चित्र फार झपाट्यानं पालटलं. १ जानेवारी २०२५ ला नक्षल्यांची जुनी नेता ताराक्कानं गडचिरोलीत शस्त्र ठेवलं. मे महिन्यात संघटनेचा सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारला गेला. ऑक्टोबरात संघटनेचा बडा नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. नक्षलवाद संपवायला केंद्रानं ३१ मार्च २०२६ ही मुदत दिली. जिथे एसटी कधी गेली नव्हती तिथे ती जाऊ लागली. हे चांगलंच झालं, यात मला किंतु-परंतु नाही. ज्यानं जांभुळखेड्यानंतरचे दिवस या भागात काढलेत त्याला ते असूच शकत नाही.

धंद्यावर याचा परिणाम मात्र मी अंदाज केला होता तसाच झाला. टेररिझम कव्हर काढून टाका, असं लोक म्हणू लागले. ‘आता कोन उरला?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तर मला मागच्या पानांवर सापडतं, एक्सक्लुजनच्या यादीत.

त्या यादीत लिहिलंय की कॉम्प्युटर हॅकिंग, व्हायरस किंवा तशाच इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेलं नुकसान पूल देणार नाही. पाणी, गॅस किंवा वीज बंद पडल्यामुळे झालेलं नुकसान देणार नाही. धमकी किंवा अफवा यामुळे झालेला खर्च देणार नाही. २००२ सालच्या माणसांनी ही यादी बनवली ती त्यांना मोजता न येणाऱ्या गोष्टी दूर ठेवायला. त्यांनी नकळत पुढच्या काळाचाच आराखडा काढून ठेवला असं मला वाटतं. बॉम्ब आणि आग यांना कव्हर आहे. बाकी सगळं, म्हणजे जे आता येतंय ते, यादीत आहे.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मूळ निशाणा युक्रेन. पण त्यात मर्स्क ही जहाज कंपनी अडकली आणि मुंबईजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. कुणी भिंत ओलांडली नाही, कुणाच्या हातात बंदूक नव्हती. त्याच व्हायरसनं मोंडेलेझचीही वाट लावली. मोंडेलेझ म्हणजे आपल्या कॅडबरीची मालक कंपनी. तिनं झुरिक या विमा कंपनीकडे दहा कोटी डॉलरचा दावा केला, तर झुरिक म्हणाली हे युद्धसदृश कृत्य आहे, आमच्या पॉलिसीत युद्ध बसत नाही. चार वर्षं कोर्टात घासाघीस झाली, २०२२ मध्ये तडजोड झाली. आता एवढ्या कंपनीला वकील लावून चार वर्षं थांबता येतं. वडशाचा मिलवाला चार दिवस थांबला तर त्याचे हमाल दुसऱ्या मिलवर जातात.

विजेचं तर विचारूच नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली. काही महिन्यांनी एका अमेरिकी सायबर कंपनीचा अहवाल आला की चिनी हॅकर भारताच्या वीज यंत्रणेत शिरकाव करत होते. राज्य सरकारनं घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रानं ती माणसाची चूक म्हटली. खरं कुणाचं हे मी ठरवणार नाही. पण मुंबईसकट सगळ्या राज्याला दिवे देणाऱ्या विजेतला मोठा वाटा आमच्या विदर्भातून जातो, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातून, कोराडीतून, खापरखेड्यातून. धूळ आमची, उजेड त्यांचा, हे जुनंच रडगाणं आहे. नवं इतकंच की उद्या कुणी त्या केंद्राचं कॉम्प्युटर बिघडवायचं ठरवलं तर निशाण्यावरही आपलंच गाव येतं.

आणि धमकी. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बॉम्बच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. विमानं परत फिरवली, उतरवली, रिकामी केली, इंधन जाळलं. त्या प्रकरणात नागपूर पोलिसांच्या तपासात गोंदिया जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव पुढे आलं तेव्हा वडशाच्या चहाटपरीवर आधी हशा पिकला आणि मग सगळे गप्प झाले. गोंदिया म्हणजे आमचा शेजार, गाडीत बसलं की गोंदिया. ईमेलनं आभाळातलं विमान खाली उतरवता येतं हे तिथल्या तिथे कळलं. पुढचा दहशतवाद असा फुकट असणार आहे. त्याला संघटना नको, जंगल नको, पाकीट नको. आणि त्याचा खर्च पूल देत नाही.

ड्रोनचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते मला आवडतं. यंदा आमच्याकडे तुडतुड्यानं धान पिवळं पडायला लागलं तेव्हा बचत गटाच्या एका ताईनं ड्रोन आणलं. दहा लिटरची टाकी, सहा पंखे. बांधावर उभी राहून ती रिमोट हलवत होती आणि पाच-सात मिनिटांत एक एकर झाला. पोरं मागे धावत होती, म्हातारे दुपट्टा तोंडाला लावून पाहत होते. पाठीवर पंप बांधून दिवसभर विष अंगावर घेणाऱ्यांना हे किती मोठं सुख आहे ते फवारणी केलेल्यालाच कळेल. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आम्ही विसरलेलो नाही. पण माझं डोकं विम्याचं. टाकीत दहा लिटर औषध जातं तर दुसरं काय जाऊ शकतं, हा विचार आलाच. २०१९ मध्ये सौदी अरेबियाच्या अबकैकच्या तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडली आणि देशाचं निम्मं तेल उत्पादन थांबलं. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोननं स्फोटकं टाकली. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाला लाल, पिवळे, हिरवे पट्टे आखलेत. आखलेलं बरंच आहे. पण भिंत कितीही उंच केली तरी वरून येणाऱ्याला ती लागत नाही. तिथे परत भिंतीबाहेरचा माणूसच कामाला येतो. कुठल्या शेतात कुणाचं ड्रोन चालू आहे आणि कुठलं ओळखीचं नाही, हे गावाला माहीत असतं, कंपनीच्या कंट्रोल रूमला नसतं.

म्हणून कंपन्यांनी गावाशी कसं वागायचं याला मी सुरक्षेचाच भाग मानतो, दानधर्माचा नाही. कोरची तालुक्यात झेंडेपारच्या खाणीला ग्रामसभांनी विरोध केला. ठराव करून, उघड्यावर. आमच्या भागात अशा विरोध करणाऱ्याच्या कपाळावर नक्षलीचा शिक्का मारणं ही जुनी सवय आहे. सवय मारणाऱ्याच्याच अंगावर येते. जो समोर येऊन नाही म्हणतो त्याला तुम्ही शत्रूच्या वहीत टाकलं, तर उद्या त्यानं काही पाहिलं तरी तो तुम्हाला सांगायला का येईल?

मोठ्यांना शहाणपण शिकवून झालं. हसणाऱ्या मिलवाल्याकडे यंदा नूतनीकरणाला गेलो तेव्हा त्यानं टेररिझमवर काट मारायला पेन काढलाच होता. मी म्हटलं, हप्ता चहापाण्याएवढा आहे, राहू द्या, आणि मला वजनकाट्याचं कॉम्प्युटर दाखवा. काट्याची वजनं, सरकारी भरडाईचा हिशेब, बँक, कॅमेरे, सगळं त्या एका डब्यावर. तो चालवणारा पोरगा दिवाळीआधी भांडून गेला होता. कुंपणानंच शेत खायची वेळ येते ती अशाच ठिकाणी. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता, तोच जुना. बदला म्हटलं. त्यानं माझ्यासमोर बदलला, चिठ्ठी फाडून टाकली आणि अभिमानानं सांगितलं, ‘आता पोरीच्या वाढदिवसाची तारीख ठेवली जी, कोनाच्या बापाले नाही समजन.’

बाहेर फाटकाच्या खांबाला पोरीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून बांधलेला होता, तारखेसकट. मी त्याला बाहेर नेऊन तो दाखवला. त्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मंग आता लग्नाची ठेवतो. ते मलेच आठवत नाही.’